पंडिता रमाबाई : श्रद्धा, सरकार आणि सुधारक

पंडिता रमाबाईंचें नांव निघालें म्हणजे आमच्या सुशिक्षित मंडळींत एक चमत्कारिक प्रकार दृष्टीस पडतो. बाईंच्या आयुष्याच्या पूर्वार्धाविषयीं सर्वजण तोंड भरून बोलतात. भागवत मुखोद्गत असलेली तरुण विदुषी, कलकत्त्याच्या पंडितांनीं गौरविलेली सरस्वती, पुण्यांत स्त्रियांची सभा काढणारी सुधारक, हें सर्व त्यांस मान्य असतें. उत्तरार्ध आला कीं आवाज खालीं येतो. बाई बाटल्या, मग कट्टर झाल्या, केडगांवास जाऊन बसल्या, एवढ्यावर विषय संपतो. उलट ख्रिस्ती मंडळींच्या पुस्तकांतून उत्तरार्धालाच सारें महत्त्व, आणि पूर्वार्ध म्हणजे केवळ अंधारांतील चांचपडणें. वहीची जमेची बाजू एकानें वाचावी, खर्चाची दुसऱ्यानें, आणि शिल्लक कोणीच काढूं नये, अशांतला हा प्रकार आहे. सांगोल्याच्या पेठेंतील आमच्या वाचकांस असली वही चालणार नाहीं. म्हणून बाईंचें चरित्र आज आम्ही सांगूं इच्छितों; आणि त्यांतही, ज्या कडव्या ख्रिस्ती श्रद्धेच्या भागापाशीं सुधारक म्हणविणारे अवघडतात, त्या भागाविषयीं थोडें अधिक.

सांगोल्याचा या बाईंशीं संबंध काय, असें कोणी विचारील. पंढरपूर येथून दहा कोसांवर आहे. तेथें १८७५ सालीं प्रार्थनासमाजाच्या मंडळींच्या खटपटीनें बालहत्या प्रतिबंधक गृह निघालें. विठोबाच्या दर्शनाचें निमित्त करून आणून सोडलेल्या विधवा आणि त्यांच्या पोटीं आलेलीं निराधार मुलें, हा त्या क्षेत्राचा उघडा प्रश्न होता व आमच्या तालुक्यांतील घरेंही त्यापासून अलग नव्हतीं. १८८२ सालीं रमाबाईंनीं पुण्यास आर्य महिला समाज स्थापिला आणि त्याच्या शाखा काढीत त्या इलाख्यांत फिरल्या, तेव्हां सोलापूर, पंढरपूर, बार्शी हीं गांवें त्यांच्या वाटेवर होतीं. शिवाय बाईंच्या आयुष्याला दोन वेळां जें वळण लागलें तें दुष्काळानें लागलें. आणि दुष्काळ म्हणजे काय हें माणकांठच्या लोकांस नव्यानें सांगावयास नको.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या दक्षिण भागांत, गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे वैष्णव विद्वान. त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें, हा त्या काळीं अपराधच होता. लोकापवादास कंटाळून ते रानांत जाऊन राहिले, आणि आईनें पुढें तीच विद्या मुलीस दिली. रमाबाईंच्या बंडाचें मूळ शोधण्यास विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. तें घरांतच होतें. धर्मग्रंथ सोडावयाचे नाहींत, परंतु त्यांचा अर्थ सांगण्याचा मक्ता मात्र दुसऱ्या कोणास द्यावयाचा नाहीं, ही वृत्ति त्यांस बापाकडून मिळाली होती. ती पुढें नाना रूपांनीं दिसते.

कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणें सांगत देशभर हिंडलें. जवळचा पैसा दानधर्मांत व व्रतवैकल्यांत गेला. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत अन्न महाग झालें, तेव्हां या मंडळींजवळ ना जमीन, ना धंदा, ना उसनें देणारा सावकार. शास्त्र्यांच्या घरच्यांनीं मजुरी करूं नये, भीक मागूं नये, मग करावें काय ? वडील गेले, त्यांच्या मागोमाग आई, नंतर बहीण. उरलेल्या भावाबहिणींनीं हजारों मैल पायपीट केली. देवांना जें जें द्यावयाचें तें सर्व दिलें होतें, आणि देवांनीं कांहींच परत केलें नाहीं, हा हिशेब त्या मुलीच्या मनांत कायमचा राहिला. पुढें पोथ्यापुराणांविषयीं त्यांनीं जें कठोर लिहिलें, तें वाचून आपणांस राग येतो. तो येऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पण तें लिहिणारी बाई उपाशीपोटीं आईबापांस पोंचवून आली होती, हें ध्यानांत ठेवून वाचावें.

१८७८ सालीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. तेथें पंडितांनीं परीक्षा घेऊन या वीस वर्षांच्या मुलीस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनीं वेद वाचावयास दिले. तोंवर स्त्रियांस ते वर्ज्य म्हणून तिनें उघडले नव्हते. भाऊ १८८० त वारला. त्याच वर्षीं बाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं, जातीबाहेर, सरकारी कायद्यान्वयें विवाह केला. मनोरमा ही मुलगी झाली. १८८२ च्या आरंभीं पतीस पटकी झाली व तो गेला. तेविसाव्या वर्षीं विधवा झालेली ही बाई तान्ही मुलगी घेऊन पुण्यास आली. पुढचे कांहीं महिने अतिशय धांदलीचे गेले. समाज निघाला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक निघालें, आणि हंटर कमिशनपुढें साक्ष झाली.

या साक्षीकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. मुलींना शिकविण्यास स्त्री-शिक्षक हवेत, शाळा तपासण्यास स्त्रिया हव्यात, आणि मुख्य म्हणजे स्त्रियांना औषध देण्यास स्त्री-डॉक्टर हव्यात, कारण पुरुष डॉक्टरापुढें दुखणें सांगावयाचें नाहीं म्हणून हजारों बाया फुकट मरतात, असा तिचा आशय होता. तीन वर्षांनीं व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नांवें डफरिन फंड निघाला आणि स्त्रियांची इस्पितळें उभीं राहूं लागलीं. त्यामागें या साक्षीचाही हात होता असें मानतात. बाईंना स्वतःलाच वैद्यकी शिकावयाची होती. १८८३ त त्या इंग्लंडास गेल्या त्या याच हेतूनें. तेथें कान अधू असल्याचें ठरलें, आणि बेत सोडावा लागला. आज आमच्या तालुक्याच्या गांवीं स्त्री-डॉक्टर असणें ही बातमी नव्हे. दीडशें वर्षांपूर्वीं तें मागण्यास एक पुराणिकाची मुलगी पुढें आली होती, याची आठवण मात्र असावी.

इंग्लंडांत वाँटेज येथील जोगिणींच्या मठांत त्या उतरल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मुलीसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुण्यांत एकच गहजब उडाला. विद्वान् ब्राह्मण विधवा बाटली ! पैशाच्या लोभानें बाटली, फसवून बाटविली, असे नाना तर्क निघाले. जोतिराव फुल्यांनीं मात्र १८८५ सालीं सत्सार काढून बाईंची बाजू घेतली. बाईंना मठाच्या तत्त्वज्ञानानें तितकें जिंकलें नव्हतें, जितकें लंडनजवळ फुलम येथें त्या जोगिणी चालवीत असलेल्या घरानें. वाट चुकलेल्या स्त्रियांस तेथें आसरा व काम मिळे, आणि कोणी त्यांस अस्पृश्य मानीत नसे. आपल्याकडे अशा बाईस विहीर हा एकच आसरा असतो हें बाईंना ठाऊक होतें.

परंतु बाप्तिस्मा घेतला म्हणजे बाई हातीं आली असें समजणाऱ्या पाद्र्यांची निराशा झाली. जेराल्डीन नांवाच्या जोगिणीशीं त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ सालीं मुंबईंत छापून निघाला, आणि तेव्हांपासून मराठी वाचकांस एक निराळीच रमाबाई दिसूं लागली. त्रैक्याचें मत बायबलांत कोठें आहे तें दाखवा, असा त्यांचा हट्ट. गळ्यांतील क्रूसावर लॅटिन अक्षरें कशासाठीं, आमची संस्कृत काय वाईट, हा दुसरा. पुडिंगांत अंडें चालावयाचें नाहीं, हा तिसरा. चेल्टनहॅमच्या कॉलेजांत गणित व सृष्टिशास्त्र शिकत असतां त्या संस्कृत शिकवूं लागल्या, आणि पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हां हिंदुस्थानांतल्या बिशपांनीं आडकाठी घातली. बाईंनीं साफ कळविलें कीं एका धर्मगुरूचा जोखड उतरून दुसऱ्याचा चढविण्यास आपण आलों नाहीं. हिंदुस्थानांतील ख्रिस्ती लोकांनीं गोऱ्या पाद्र्यांची री ओढावी अशी रीत असतां हें झालें. राज्य करणाऱ्यांच्या धर्मांत गेलेली बाई राज्य करणाऱ्यांच्या धर्माधिकाऱ्यांशीं भांडत होती. आणि पुण्याचे आमचे राष्ट्रभक्त तिला त्यांची बटीक म्हणत होते.

१८८६ त आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठीं रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षें राहिल्या. उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें, बालोद्यान-पद्धति शिकल्या, आणि बोस्टन येथें त्यांच्या साह्यास एक मंडळी स्थापन झाली. या मंडळीची अट अशी होती कीं दहा वर्षें पैसा देऊं. परंतु शाळेंत धर्मशिक्षण सक्तीचें असतां कामा नये. परत आल्यावर त्यांनीं अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठी पुस्तक छापलें. राजा नसलेलें राज्य चालतें, बाया सभा चालवितात, संस्था काढतात, हें त्यांत कौतुकानें सांगितलें आहे. तेथल्या काळ्या लोकांचे हाल सांगण्यासही त्या चुकल्या नाहींत. १८८९ साली छापलेलें हें पुस्तक राजकारण शिकविणाऱ्या मराठी पुस्तकांत गणलें जावें, असें आमचें मत आहे.

त्याच वर्षीं ११ मार्चला मुंबईंत शारदासदन उघडलें, आणि डिसेंबरांत मुंबईस भरलेल्या राष्ट्रसभेंत ज्या थोड्या स्त्रिया प्रतिनिधि म्हणून बसल्या त्यांत रमाबाई होत्या. दुसऱ्या वर्षीं सदन पुण्यास गेलें. तेथें विधवांना केस राखतां येत, जेवणाखाण्याचे आपले आचार पाळतां येत, इंग्रजी-मराठी शिकतां येई. शरीरशास्त्र व वनस्पतिशास्त्रही अभ्यासांत होतें. ज्या मुलीस आपल्या शरीरांत काय चालतें हें कधीं कोणी सांगितलें नाहीं, उलट तेंच शरीर अमंगळ म्हणून जिची हजामत केली, तिला शरीरशास्त्र शिकविणें हें शंभर व्याख्यानांहून मोठें काम होतें.

पुढें १८९३ सालचा बखेडा झाला. त्यावर थोडें थांबणें अवश्य आहे. बाई आपल्या खोलींत पहाटे प्रार्थना करीत. दार उघडें असे. कांहीं मुली येऊन बसूं लागल्या. पालकांत कुजबूज झाली, केसरीनें तोफ डागली, आणि सल्लागार मंडळांतील न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांनीं सहकाऱ्यांसह अंग काढून घेतलें. सुमारें पंचवीस मुली घरीं नेण्यांत आल्या. बाईंचें म्हणणें असें कीं मी कोणास बोलावीत नाहीं, आणि येणारीस हांकलून दार लावून घेणार नाहीं. हिंदु मुलीस आपल्या देवाची पूजा करण्याची जशी मुभा, तशी हीही. सल्लागारांचें म्हणणें असें कीं ज्या पोरीस जगांत दुसरें घर नाहीं, तिच्यापुढें घर देणारीनें दार उघडें ठेवणें हेंच आमंत्रण होय.

आमच्या मतें सल्लागारांची शंका खोटी नव्हती. आश्रय देणाऱ्याच्या शब्दाला जें वजन असतें तें कोणत्याही व्याख्यानाला नसतें. आणि पुढच्या दोनतीन वर्षांत सदनांतील कांहीं मुलींनीं बाप्तिस्मा घेतला, हेंही खरें. पण शंका खरी असली म्हणून वर्तन बरोबर ठरत नाहीं. रानडे, भांडारकर यांसारख्या थोर पुरुषांनीं राजीनामा दिला त्या दिवशीं सदनांतून नेलेल्या मुलींसाठीं पुण्यांत दुसरें एकही घर तयार नव्हतें. त्या जेथून आल्या होत्या तेथेंच परत गेल्या, म्हणजे माजघराच्या कोपऱ्यांत. प्रार्थनेच्या उघड्या दाराची जितकी चर्चा झाली तितकी या बंद दारांची झाली नाहीं. त्याच वर्षीं धोंडो केशव कर्वे यांनीं गोदूबाई या विधवेशीं पुनर्विवाह केला. गोदूबाई शारदासदनाच्या अगदीं पहिल्या मुलींपैकीं. त्या जन्मभर हिंदु राहिल्या. तीन वर्षांनीं कर्व्यांनीं हिंदु विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढें हिंगण्यास गेला आणि त्यांतून केवढा विस्तार झाला हें सर्वांस ठाऊक आहे. ज्या घरांत मुली बाटतात म्हणून बोंब झाली, त्याच घरांत शिकलेली बाई हिंदु आश्रमाच्या पायाशीं उभी होती.

बाईंच्या श्रद्धेंत पालट झाला तो याच काळांत. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नांवाच्या इंग्रज पाद्र्याचें आत्मचरित्र त्यांच्या वाचनांत आलें. आपण ख्रिस्ती धर्म पत्करला, ख्रिस्त पत्करला नाहीं, असें त्यांना तेव्हां वाटलें. पूर्वीं ज्या त्रैक्यावर व चमत्कारांवर त्या हुज्जत घालीत, तें सर्व आतां त्यांनीं अक्षरशः मान्य केलें. विलायती विद्वान् बायबलाची चिकित्सा करूं लागले होते. अमेरिकेंत १९१० नंतर मूलतत्त्वांच्या रक्षणासाठीं बारा पुस्तिका निघाल्या, आणि १९२५ सालीं टेनेसी प्रांतांत माकडापासून माणूस झाला असें शिकविल्याबद्दल एका मास्तरावर खटलाही झाला. रमाबाई मनानें त्या जुन्या, अक्षरास धरून राहणाऱ्या पक्षाच्या झाल्या, यांत संशय नाहीं.

सुधारकांस यांत अधोगति दिसते. आम्हांस तितकें सोपें वाटत नाहीं. शास्त्र्यांनीं सांगितलें म्हणून पोथी मानावयाची, बिशपानें सांगितलें म्हणून मत मानावयाचें, बोस्टनच्या मंडळीनें पैसा दिला म्हणून तिचे नियम पाळावयाचे, पुण्याचे सल्लागार रागावतील म्हणून दार लावावयाचें. या सर्वांच्या डोक्यावरून जाऊन ज्या एका ग्रंथाशीं थेट बोलतां येईल तो त्यांनीं धरला. ग्रंथ अक्षरशः खरा मानला कीं मधल्या सर्व मध्यस्थांची दलाली बुडते. बाई कट्टर झाल्या त्या अशा अर्थानें कीं यापुढें त्या कोणाच्याच झाल्या नाहींत. किंमतही त्यांनीं भरली. ज्या वाङ्मयावर त्यांचा पिंड पोसला, त्यांत पुढें त्यांना पाप आणि फसवणूक यांखेरीज कांहीं दिसेना, आणि आमच्या संतांच्या अभंगांत विधवेला व शूद्राला जो दिलासा मिळाला त्याचीही त्यांनीं नीट गणना केली नाहीं. पंढरीच्या वाटेवरील लोकांनीं हें त्यांच्या खातीं खर्ची टाकलें तर तें रास्तच होय. त्याच सुमारास बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे जाण्याची गोष्ट बोलत होते. रमाबाईंनीं तो पूल पाहिला नाहीं.

१८९६-९७ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याच्या जुन्या लोकांनीं आपल्या नातवंडांस सांगितलेला आहे. रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या, कारण उपाशी मुलींना दुष्काळांत कोण गांठतो हें त्यांस लहानपणापासून ठाऊक होतें. त्यांनीं शेंकडों मुली आणल्या. पुण्यास त्या वेळीं प्लेग, आणि नवीं माणसें शहरांत ठेवण्यास मनाई. तेव्हां सदनास फळांचें उत्पन्न व्हावें म्हणून केडगांवास जी माळजमीन घेतली होती तेथें त्यांनीं छपरें उभारलीं. तेंच मुक्तिसदन. केडगांव पुणें-सोलापूर लोहमार्गावर आहे. आमच्यापैकीं ज्यांना कुर्डुवाडीहून पुण्यास जाण्याचा प्रसंग येतो त्यांनीं तें स्टेशन पाहिलेलें असतें. १९०० च्या गुजराथेंतील दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या वर गेली.

प्लेगाच्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडली, ती केडगांवच्या भक्तिणीला सरकारची हस्तक समजणाऱ्यांनीं मुद्दाम वाचावी. प्लेगच्या इस्पितळांत नेलेल्या आपल्या एका मुलीची जी दुर्दशा झाली, ती बाईंनीं १८९७ सालीं बॉम्बे गार्डियन या ख्रिस्ती पत्रांतून उघड लिहिली आणि पुण्यांतील सरकारी बंदोबस्तावर कडक टीका केली. विलायतेस पार्लमेंटांत प्रश्न निघाला. गव्हर्नर लॉर्ड सँढर्स्ट यांनीं आरोप झिडकारले. तें वर्ष कोणतें होतें पाहा. जूनांत रँडचा खून, जुलैंत टिळकांस अटक, आणि प्लेगच्या शिपायांविषयीं विलायतेंत बोललेल्या शब्दांबद्दल गोखल्यांसारख्या मनुष्यास जाहीर माफी मागावी लागली. अशा हवेंत सरकारी अंमलदारांविरुद्ध छापील अक्षरांत लिहिणें पुरुषांसही जड होतें. केसरी आणि रमाबाई यांचे तोंड एका दिशेस झालें असा हा एकच प्रसंग असावा, पण त्याची नोंद दोन्ही पक्षांनीं सारखीच विसरली.

यानंतर मात्र राजकारणांतून त्यांनीं लक्ष काढून घेतलें, आणि हा दोष आम्ही झांकीत नाहीं. १९०५ सालीं वंगभंगानें देश पेटला. त्याच वर्षीं जूनपासून केडगांवांत दुसरीच आग होती. शेंकडों मुली रात्रंदिवस रडत, प्रार्थना करीत. कोणी अनोळखी भाषांत बोलूं लागल्या. ख्रिस्ती जगांत याचा मोठा बोलबाला झाला. तेथील एका अमेरिकन सहकारिणीची पुस्तिका दक्षिण अमेरिकेंत चिली देशीं पोंचली आणि तिच्या वाचनानें तेथील मेथॉडिस्ट मंडळींत नवा पंथच उभा राहिला. आम्हांस असल्या उन्मादाचें आकर्षण नाहीं. वारीच्या रिंगणांत देहभान विसरणारे लोक पाहिलेल्यांस तो अगदीं अपरिचितही वाटूं नये. पण राष्ट्राचा प्रश्न दारांत उभा असतां तेथील हजारों तरुण स्त्रियांच्या कानीं तो गेला नाहीं, हें खरें. १९१९ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं अमृतसरास गोळ्या चालल्या त्या वर्षीं, सरकारनें बाईंस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलें. १८९७ ची रमाबाई असती तर तिनें त्याचें काय केलें असतें, हा विचार मनांत आल्याशिवाय राहत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. दुष्काळांतून उचलून आणलेली आठदहा वर्षांची पोर, जिला आईबाप नाहींत, जी त्याच घरचें अन्न खाते, ती ख्रिस्ती झाली तर ती निवड कोणाची ? बोस्टनच्या मंडळीची दहा वर्षें १८९८ त संपलीं, आणि मुक्ति उघडपणें ख्रिस्ती संस्था झाली; त्यामुळें शब्द मोडला असें म्हणतां येत नाहीं. परंतु प्रश्न शब्दाचा नाहीं. आम्ही मानतों कीं अज्ञान मुलाच्या अन्नाला धर्माची गांठ मारूं नये, मग ती कोणीही मारो. हें बोलतांना आमच्या पेठेस दुसरी गोष्ट ऐकविणेंही भाग आहे. आमच्या व्यापारी बंधूंनीं क्षेत्रोक्षेत्रीं अन्नछत्रें काढलीं, धर्मशाळा बांधल्या, गुरांस पाणी पाजलें. रस्त्यावरच्या परजातीच्या पोरीस घरांत घेऊन, शिकवून, धंद्यास लावून, हव्या त्या धर्मानें वाढूं देणारें घर त्या वर्षीं किती जणांनीं काढलें ? ज्यांनीं काढलें असेल त्यांनाच बाईंस जाब विचारण्याचा पुरा अधिकार होता.

मुक्तींत काय चाले तें पाहिलें म्हणजे श्रद्धा आणि शास्त्र यांचें भांडण तेथें कसें मिटलें होतें हें कळतें. अमेरिकेंत उत्पत्तीच्या पुस्तकावरून वाद चालले. केडगांवच्या माळावर शास्त्र म्हणजे विहीर, माग, घाणी, दूध आणि छापखाना. पाऊस यावा म्हणून प्रार्थना होई, आणि त्याबरोबर विहिरी खणल्या जात. मुली विणीत, शिवीत, शेत करीत, तेल काढीत, खिळे जुळवून छापीत. आंधळ्या बायांसाठीं निराळें घर होतें आणि मनोरमेनें त्यांना बोटांनीं वाचावयास शिकविलें. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन होतें. फुलमला पाहिलेलें घर पुढें महाराष्ट्रांत उभें राहिलें. ज्या मुलीचा जन्मच अपशकुन ठरला होता तिला महिन्याकांठीं स्वतःच्या हातचें काम दाखवितां येई. चमत्कार मानणाऱ्या घरांत चमत्काराची वाट पाहत कोणी बसत नसे.

शेवटचें सुमारें दीड तप बाईंनीं एकाच कामांत घालविलें. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून त्यांनीं संबंध बायबल मराठींत उतरविलें. तें खेड्यांतल्या बाईस समजावें म्हणून भाषा सोपी ठेवली, आणि ज्या संस्कृत शब्दांस हिंदु तत्त्वज्ञानाचा वास येतो ते कटाक्षानें टाळले. ज्या बाईला संस्कृतांत पदव्या मिळाल्या तिनेंच संस्कृत शब्द गाळीत बसावें, यांत कांहींतरी दुःखद आहे. मराठीचे जाणते या भाषांतरास ओबडधोबड म्हणतात आणि आमचेंही मत फारसें निराळें नाहीं. वाङ्मय म्हणून त्यांचें अमेरिकेवरील पुस्तक कितीतरी सरस आहे. परंतु एका स्त्रीनें मूळ भाषांतून सबंध बायबल उतरवावें, आणि तें बायांनींच जुळवून बायांनींच छापावें, याला जगांत जोड मिळणें कठीण.

मनोरमा आईचा उजवा हात होती. केडगांवच्याच लोहमार्गावर पुढें निजामाच्या राज्यांत गुलबर्गा येथें मायलेकींनीं मुलींची शाळा काढली होती, ती मनोरमा पाही. २४ जुलै १९२१ रोजीं ती चाळिसाव्या वर्षीं वारली. पुढें नऊ महिन्यांच्या आंत, ५ एप्रिल १९२२ रोजीं, रमाबाईही गेल्या. त्या वेळीं भाषांतर पुरें झालें होतें, छपाई राहिली होती. ती मुलींनीं चालू ठेवली, आणि १९२४ सालीं केडगांवच्या छापखान्यांतून संबंध ग्रंथ बाहेर पडला.